घाटाआधी पांधण

अकोल्याहून अकोटच्या दिशेने निघालं की पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन लागते. खारपाणपट्टा हाच. नदीने आणून टाकलेला गाळ इतका खोल की वावरात शोधूनही गोटा सापडत नाही. पराटी, तूर, हरभरा, आणि क्षितिजापर्यंत सपाटी. अकोट ओलांडलं की सातपुडा एकदम समोर उभा राहतो. अमरावतीकडूनही तसंच: परतवाड्यापर्यंत पायाला चढ जाणवत नाही, धामणगाव गढी मागे पडली की घाट सुरू होतो, आणि परतवाड्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर चिखलदरा, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपास. सपाटी आणि डोंगर यांच्यामध्ये पायरीच नाही. वऱ्हाडात माउंटन बाईक घेतलेल्या माणसाची अडचण इथेच आहे. आठवडाभर तो सपाटीवर राहतो आणि रविवारी थेट घाटात जातो.

या अडचणीवर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझा धाकटा भाऊ अकोल्यात नोकरी करतो आणि मिळेल त्या सुट्टीत सायकल घेऊन निघतो. मावशी अमरावतीची, शारीरिक शिक्षणाची निवृत्त शिक्षिका. तिचं शिक्षण हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. १९१४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मावशी डोंगरात सायकल चालवत नाही. पण शरीर एखादी गोष्ट कशी शिकतं, हे पाहण्यात तिचं आयुष्य गेलं आहे. दोघांचं बोलणं मी लिहून ठेवलं, कारण नवीन सायकल घेऊन चुकीच्या जागी जोर लावणारी मुलं मला आपल्याकडे रोज दिसतात.

धाकटा : मावशी, या हिवाळ्यात चिखलदऱ्याचा घाट न थांबता चढायचा आणि वेगात उतरायचं, असं ठरवलंय. जमेल त्या रविवारी घाट मारायचा. किलोमीटर वाढले की माणूस आपोआप सुधारतो.

मावशी : काऊन सुधारतो?

धाकटा : छाती वाढते, पाय घट्ट होतात. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. जवळपास ४८०० किलोमीटर. विदर्भाचाच माणूस. किलोमीटर घातल्याशिवाय ते झालं असतं का?

मावशी : नसतं झालं. त्यांची तपश्चर्या मी मानते. पण बापू, ते डांबरावरचं काम. तुझी सायकल कशासाठी आहे? तू मातीत किती चालवतो?

धाकटा : घाट तर डांबरीच आहे. माती म्हणशील तर पातूरकडच्या टेकडीवरून खाली येणारी गाडवाट. कधीमधी जातो तिकडे.

मावशी : तिथे उतरून सायकल हातात धरून चालावं लागतं, अशी जागा आहे का?

धाकटा : आहे ना. मधे सुट्या मुरमाचं एक वळण आहे. तिथे पुढचं चाक निसटतं. मी उतरतो आणि चालत जातो.

मावशी : पहिल्यापासून?

धाकटा : पहिल्यापासून.

मावशी : म्हणजे तुझे पाय घट्ट झाले, छाती वाढली, आणि ते वळण आहे तिथेच आहे. घाटातले किलोमीटर त्या वळणापर्यंत पोहोचलेच नाहीत.

माझ्या मते सगळा वाद या उत्तराभोवती फिरतो. रस्त्यावरच्या सायकलस्वाराला दम आणि चिकाटी बहुतांश पुरते. कच्च्या वाटेवर मात्र प्रत्येक अवघड जागा स्वतंत्रपणे शिकावी लागते, आणि ती टाळून पुढे गेलं की अंतराच्या हिशेबात टाळलेलं दिसत नाही. फोनवरचं ॲप किलोमीटर मोजतं, चढाई मोजतं, वेळ मोजतं. कुठे उतरून चाललात, ते मोजत नाही.

मावशीने मग त्याला ब्रेक कसा लावतो ते विचारलं. प्रश्न साधा, पण बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

धाकटा : वळण दिसलं की लावतो. मागचा जास्त. पुढचा लावला की माणूस हँडलवरून पलटी होतो, हे लहानपणापासून ऐकलंय.

मावशी : वळणात शिरल्यावरही ब्रेक दाबलेलाच असतो?

धाकटा : हो. वेग असतो ना.

मावशी : मग चाक निसटणारच. टायरची जमीन धरायची ताकद ठरावीक असते. ती वळायला लागून राहिली, आणि त्याच वेळी तू थांबायलाही मागतोस. दोन्हीकडे कशी पुरेल? वेग वळणाच्या अलीकडे मोडायचा, सरळ वाटेवर, दोन्ही ब्रेकांनी. एकेक बोट पुरतं. वळणात शिरताना ब्रेक सैल करायचा.

धाकटा : आणि पलटी?

मावशी : पलटी होते ती झटक्याने दाबल्यावर आणि सगळा भार हातांवर असल्यावर. पुढचा ब्रेकच जास्त थांबवतो, कारण थांबताना वजन पुढे जातं. त्याला घाबरून तू निम्म्या ब्रेकवर उतरून राहिला.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हा खेळ जन्मला तोच उतारावर आणि ब्रेकच्या धुरात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यातल्या एका कच्च्या उतारावर काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, १९३०-४० च्या काळातल्या सायकलींची शर्यत लावली. तीन किलोमीटरांहून थोड्या जास्त वाटेत सुमारे ४०० मीटरचा उतार. त्या सायकलींना पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक होता. खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या आसामधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. त्या ग्रीस भरण्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं. पुढच्या वर्षी जो ब्रीझ याने त्याच कामासाठी खास फ्रेम बनवली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाईक पोहोचली. त्या पोरांकडे ना शॉकअप होते ना डिस्क ब्रेक. होता तो एकच उतार, पुन्हा पुन्हा उतरलेला. मावशीच्या बाजूने याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

धाकटा : बरं, मग मी करू काय? त्या वळणावर जाऊन बसू?

मावशी : हो. पण आधी लेआऊटमधल्या मोकळ्या प्लॉटवर. दोन विटा ठेव, त्यांच्याभोवती आठ काढ. आरटीओत परवान्याला काढायला लावतात ना, तसा, पण इतका हळू की पाय टेकावासा वाटेल. आणि टेकायचा नाही.

धाकटा : हळू चालवून वेग कसा येईल?

मावशी : वेगात सायकल स्वतःच सरळ राहते, त्यात तुझं कसब दिसत नाही. हळू चालवताना तोल तुलाच सांभाळावा लागतो. चूक कुठे झाली, तेही कळतं. मग जागच्या जागी उभं राहायला शीक: पायडलं आडवी, पुढचं चाक थोडं वळलेलं, ब्रेकवर बोट. सुरुवातीला क्षणभरच जमेल. ते जमलं की चढावर गोटा आडवा आला तरी पाय न टेकता विचार करायला वेळ मिळतो.

धाकटा : आणि उतारावर?

मावशी : उभं राहायचं. सीटवरून उठून, पायडलं सारखी आडवी, टाचा थोड्या खाली, गुडघे-कोपरे वाकलेले. भार पायांवर, हात फक्त दिशा दाखवायला. सायकल खाली हलू दे, तू हलू नको. आणि अंग फार मागे टाकू नको. सगळे म्हणतात उतारावर मागे बसा. पण पार मागे गेलास तर पुढच्या चाकावर वजनच उरत नाही, ते जमीन सोडतं आणि वळणात निसटतं.

धाकटा : मी नेमका तसाच जातो.

मावशी : आणि बघतो कुठे?

धाकटा : चाकासमोर. गोटा दिसायला हवा ना.

मावशी : चाकासमोरचा गोटा दिसला तोवर उशीर झालेला असतो. नजर पुढे, जिथून बाहेर निघायचंय तिथे. मी कसरतीच्या पोरींना हेच सांगत होते. डोकं जिकडे जातं, अंग तिकडेच जातं.

पाहण्याचीही एक आधीची पायरी आहे, आणि ती सगळ्यात मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. टोकियो ऑलिंपिकची शर्यत २०२१ च्या जुलैत इझू इथे झाली. नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल तिथला प्रमुख दावेदार. सरावाच्या वेळी एका उंच टप्प्याखाली लाकडी फळी होती. शर्यतीच्या दिवशी ती काढलेली होती. फळी असेलच या समजुतीने तो त्याच्या पद्धतीने उतरला आणि जोरात आपटला. सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकला मिळालं. सायकलवरून खाली उतरून वाट पायी पाहून येणं, कालची वाट आज तशीच आहे का हे तपासणं, यात कमीपणा नाही, असं मावशी म्हणते ते इथून पटतं. आपल्याकडे तर पावसाने एका रात्रीत गाडवाटेचा उतार खणून निघतो.

धाकट्याने मात्र इथून पुढे जोर लावला, आणि त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

धाकटा : तुझं सगळं मान्य. पण मावशी, प्लॉटवर आठ काढताना माझा श्वास शांत असतो. चिखलदऱ्याच्या वरच्या वळणांवर जीव घशाशी आलेला असतो, मांड्या जळतात. तिथे डोकं चालत नाही, हात हँडलला गच्च बसतात. दमल्यावर शिकलेलं टिकत नाही. म्हणून घाट लागतो. क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत वेळ तर चढण्यातच जास्त जातो.

मावशी : हे बरोबर बोलला. खो-खोच्या पोरी पहिल्या डावात खांबाला सुंदर वळतात आणि शेवटच्या डावात तिथेच बाद होतात.

धाकटा : मग?

मावशी : मग दोन्ही करायचं, पण क्रमाने. नवीन गोष्ट ताज्या अंगाने शिकायची. आली की दमलेल्या अंगाने तपासायची. दमल्यावर नवीन शिकायला गेलास तर चूकच पाठ होते. आणि ऐक, एकच गोष्ट शंभर वेळा घोटायचीही नाही. १९७९ साली शी आणि मॉर्गन या दोन अमेरिकी संशोधकांनी हाताच्या हालचालींचा प्रयोग केला. एका गटाने एकेक हालचाल घोटून मग दुसरी घेतली, दुसऱ्या गटाने सगळ्या मिसळून केल्या. सरावात घोटणारे पुढे होते. पण नंतर आठवण तपासली, नवीन काम दिलं, तेव्हा मिसळून करणारे पुढे गेले.

धाकटा : अगं, मग तू माझ्याच बाजूची झालीस! प्लॉटवर विटा ठेवून काय मिसळणार? पांधणीवर चल. तिथे दर पन्नास पावलांना जमीन बदलते.

मावशी : हो ना. मी कुठे नाही म्हटलं? प्लॉट आठवडा-दोन आठवडे. नंतर पांधणच.

दोघं जिथे एकत्र आले ती पांधण, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, वऱ्हाडात प्रत्येक गावाला आहे, आणि माउंटन बाईकची शाळा म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. मला हे फार खटकतं. मुलं गाडीवर सायकल बांधून डोंगरात जातात, पण गावामागच्या पांधणीवर जात नाहीत. एका पांधणीवर वर्षभरात किती वेगवेगळ्या जमिनी तयार होतात, ते बघा. पावसात काळी माती टायरला इतकी चिकटते की फोर्क आणि चाक यांच्या मधली जागा भरून चाकच जाम होतं. तेव्हा सायकल घेऊन जाऊच नये; आपलंही नुकसान, वाटेचंही. पाऊस थांबला की बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक होतात. त्या खोल चाकोरीत पुढचं चाक सापडलं आणि तुम्ही हँडल वळवलं, तर आडवे झालातच. तिथे शिकायचं ते असं: चाकोरीत शिरलात तर वळू नका, नजर पुढे ठेवून सरळ जाऊ द्या, बाहेर यायचं असेल तर पुढचं चाक हलकं करून, ठरवून, एका झटक्यात काढा. उन्हाळ्याकडे फुफाटा होतो. त्यात हलका गिअर, पाय थांबू न देणं, हात सैल. मे महिन्यात जमिनीला भेगा पडतात, पण तोवर अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो. पहाटेचा तास सोडला तर सायकल घरात बरी.

याच पांधणीवर चांगले सायकलस्वार आधीपासून आहेत, हे मावशीने सांगितलं आणि मला त्याचं महत्त्व पटलं.

मावशी : मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. साधी सायकल, गिअर नाही, कॅरिअरला दप्तर. त्या पोरी श्रावणात ओल्या पांधणीच्या कडेने, चार बोटं रुंद कोरड्या धुऱ्यावरून शाळेत येतात. पाय टेकत नाहीत. तू त्यांच्यामागे जाऊन बघ, कंबर कशी हलते, नजर कुठे असते.

धाकटा : त्यांना कोणी शिकवलं नाही ना? म्हणजे चालवूनच आलं.

मावशी : रोज तीच वाट, रोज तीच अवघड जागा, आणि शाळेत वेळेवर पोहोचायची गरज. त्या जागेला वळसा घालता येत नाही त्यांना. तू वळसा घालतोस, हाच फरक.

सामानावर त्यांचं फार बोलणं झालं नाही, आणि व्हायचं कारणही नाही. धाकट्याला पुढे-मागे शॉकअप असलेली महागडी सायकल हवी आहे. मावशी म्हणते आधी टायरमधली हवा बघ. इथे मी पूर्ण तिच्या बाजूचा. दुकानात बरेचदा ४०-५० पीएसआय हवा भरून देतात. डांबराला ती ठीक, पण कच्च्या वाटेवर सव्वादोन इंची टायर तेवढ्या हवेत गोट्यावरून उडतो आणि मुरमावर सरकतो. साधारण वजनाच्या माणसाला ट्यूब असेल तर ३० च्या आसपास, ट्यूबलेसला २५ च्या जवळ, हे सुरुवातीला धरून मग आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करावं. फार कमी केलीत तर रिम गोट्याला लागते. हवेचा हा एक बदल अर्धा शॉकअप आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पंक्चरवर धाकट्याचं ऐकावं. आपल्या पांधणीवर बाभळीचे काटे आणि गोखरू इतके की ट्यूब फार टिकत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट टाकलं तर बारीक भोकं चालता चालता बुजतात. उन्हाळ्यात ते लवकर वाळतं, म्हणून अधूनमधून उघडून बघावं लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पिडकॉकचंच पुढचं चाक शर्यतीच्या सुरुवातीला पंक्चर झालं. चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, आणि तरी शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून त्याने दुसऱ्यांदा सुवर्ण घेतलं. पंक्चर झालं तेव्हा त्याने घाई केली नाही, हे धाकटा पुन्हा पुन्हा सांगतो, आणि मावशी मान डोलावते.

धाकटा : पण मग डोंगर कधी? मेळघाट इतका जवळ असून पांधणच करत राहू?

मावशी : मेळघाटच्या जंगलात सायकल न्यायची नाही, ते ध्यानात ठेव. तो वाघांचा प्रदेश आहे.

हे तिने सांगितलं ते बरं झालं. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या व्याघ्र प्रकल्पांत गणला गेला. तिथल्या आतल्या वाटा आपल्यासाठी मोकळ्या नाहीत, आणि नसाव्यातच. नरनाळा किल्लाही त्याच जंगलपट्ट्यात येतो. अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेडच्या रानात बिबटे आहेत. वऱ्हाडातल्या माउंटन बाईकस्वाराला उरतात ते घाटाचे सार्वजनिक रस्ते, पायथ्याच्या गावांच्या गाडवाटा आणि पांधणी. म्हणजे कच्च्या वाटेचं कसब शिकायची हक्काची जागा सपाटीवर आणि पायथ्यालाच आहे. घाट चढायला दम देईल आणि उतरताना ब्रेकची परीक्षा घेईल, पण मुरूम, चाकोरी आणि गोटा यांचं शिक्षण तो डांबरावर देणार नाही.

धाकट्याला घाट सोडायचा नाही, आणि सोडूही नये. दमलेल्या अंगाने शिकलेलं टिकतं का, हे बघायला चिखलदऱ्याच्या वळणांइतकी चांगली जागा जवळपास नाही. पण क्रम मावशीचा बरोबर आहे: आधी प्लॉट, मग पांधण, मग पातूरचं ते मुरमाचं वळण पायी पाहून, मागे येऊन, पुन्हा उतरून, आणि शेवटी घाट. ज्याला खरंच सुधारायचं आहे त्याने रविवारचे किलोमीटर निम्मे करून उरलेला वेळ एका अवघड जागेला द्यावा, हा माझा निवाडा.

दिवाळीनंतर पांधणी वाळतात आणि होळीपर्यंत हवा सोसवते. शिकायला हाच काळ. हेल्मेट घाला, घाटात उतरण्याआधी ब्रेकचे पॅड बघा, प्यायचं पाणी घरूनच न्या, कारण खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारट असतं. तूर जानेवारीपर्यंत वावरात उभी असते आणि कापसाची वेचणी चालू असते, म्हणून धुऱ्यावर चाक घालण्याआधी शेतमालकाला विचारा. समोरून बैलगाडी आली तर सायकलवरून उतरा आणि वाट तिला द्या.